गावचा हातपंप : जालना ते जग, जग ते दिग्रस

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस हे तालुक्याचे गाव धावंडा नदीच्या काठी वसलेले आहे. अरुणावती प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशयही येथून दूर नाही. नकाशावर नजर टाकणाऱ्या परक्या माणसास या भागात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मुळात का असावा, असेच वाटेल. परंतु नदी आणि धरण ही सखल जागी असतात. गावे, वाड्या व तांडे मात्र पुष्कळदा माळाच्या उंचवट्यावर असतात. चैत्र-वैशाखात नाले कोरडे पडतात, विहिरींचा तळ दिसू लागतो आणि गुंड-कळशा घेतलेल्या स्त्रियांची रांग गावातील एका लोखंडी दांड्यापुढे लागते. कोणी त्यास 'बोरिंग' म्हणतात, कोणी 'हापशी'. शासकीय कागदपत्रांत तो 'विंधन विहिरीवरील हातपंप' असतो.

हा हातपंप इतका परिचयाचा झाला आहे की, तो कोठून आला असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः ग्रामीण भागास शुद्ध पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकात जे आंतरराष्ट्रीय सहकार्य घडून आले, त्याचे सर्वाधिक यशस्वी फळ म्हणून या साध्या यंत्राकडे बोट दाखवावे लागेल. आणि या सहकार्याचा आरंभ जिनिव्हा किंवा न्यूयॉर्क येथे नव्हे, तर आपल्याच राज्यातील जालना व सोलापूर येथील लहान कार्यशाळांत झाला, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांस अभिमानाची वाटावी अशी आहे.

खडक आणि पाणी

दिग्रस, दारव्हा, पुसद हा जिल्ह्याचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले व थंड झाले. गंगेच्या खोऱ्यात जमिनीखाली वाळूचे जाड थर आहेत व त्यात पाणी सर्वत्र भरून राहिलेले आहे. येथे तसे नाही. वरचा मुरूम, त्याखालील झिजलेला खडक, मांजऱ्या खडकातील पोकळ्या आणि कठीण पाषाणातील भेगा, एवढ्याच ठिकाणी पाणी साठते. भेग सापडली तर पाणी, न सापडली तर कोरडा दगड. एकाच शेतात एक विहीर भरलेली असते व पन्नास पावलांवर दुसरी कोरडी लागते, ती याच कारणाने.

अशा खडकात पहार, सुरुंग व घमेली घेऊन विहीर खणणे हे कित्येक महिन्यांचे आणि खर्चाचे काम. साठीच्या दशकात संकुचित हवेच्या दाबावर चालणारी वेधनयंत्रे भारतात आली. त्यांचा हातोडा छिद्राच्या तळाशी जाऊन खडकावर आघात करतो व हवेचा झोत दगडाचा भुगा वर फेकून देतो. जे काम महिन्यांचे होते ते एक-दोन दिवसांचे झाले. १९६६-६७ साली बिहारात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीने, म्हणजे युनिसेफने, अशी यंत्रे विमानाने भारतात आणली. खडकाळ प्रदेशातील पाणीपुरवठ्याशी युनिसेफचा दीर्घकाळचा संबंध येथून सुरू झाला.

पुढे महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षांच्या आठवणी सांगताना आपण सुकडी, मिलो व रोजगार हमीची खडी यांविषयी बोलतो. विंधन विहिरींविषयी फारसे बोलत नाही. वास्तविक पाहता गावोगाव विंधन विहिरी घेण्याचा शासनाचा कार्यक्रम त्याच काळात वेगाने पुढे गेला. भूजलाचा शास्त्रीय शोध घेण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने उभी राहिली. १९७२-७३ मध्ये केंद्र शासनानेही त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम हाती घेतला.

बंद पडलेले पंप

छिद्र पाडले, पाणी लागले. पण सहा इंचांच्या छिद्रात पोहरा सोडता येत नाही. त्यावर पंप बसवावा लागतो, आणि सगळे अडले ते येथेच. त्या काळी मिळणारे पंप बिडाचे असत. युरोप-अमेरिकेत एका शेतकरी कुटुंबाने घराच्या अंगणात वापरावयाच्या पंपांच्या त्या नकला होत्या. आपल्याकडे तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत साऱ्या गावाच्या हाती पडला. खिळी झिजत, सांधे निखळत, बिडाचा दांडा मोडे. युनिसेफने १९७४ च्या सुमारास महाराष्ट्र व तामिळनाडूत पाहणी केली, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद असल्याचे आढळून आले. लक्षावधी रुपये खर्चून खडकात पाडलेली छिद्रे निरुपयोगी होऊन पडली होती, आणि लोक पुन्हा जुन्या उघड्या पाणवठ्याकडे वळले होते.

या निष्कर्षाने कार्यक्रमच बंद करावा की काय, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते. परंतु त्या पाहणीतच एक वेगळी गोष्टही लक्षात आली. महाराष्ट्रातील काही ठिकाणचे पंप बंद पडत नव्हते.

हे पंप जालना येथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनशी संबंधित असलेल्या पाणीविषयक कामातून तयार झाले होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनही अशाच खटपटीत होते; दोन्ही गावांची नावे जोडून 'जलवाड' हे पंपाचे एक नावही रूढ झाले. तेथील माणसांनी बीड सोडून पोलाद वापरले आणि दांडा अनेक खिळींवर न टेकवता एकाच आसावर बसविला. सोलापूर वेल सर्व्हिस या कार्यशाळेने त्यात आणखी सुधारणा केल्या, आणि 'सोलापूर पंप' म्हणून तो प्रसिद्धीस आला. ही रचना एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झालेली नव्हती. बंद पंप उघडून त्याचे काय झिजले हे रोज हाताळणाऱ्या कारागिरांच्या निरीक्षणातून ती उतरली होती.

'इंडिया मार्क दोन'

पुढील काम हे खऱ्या अर्थाने सहकार्याचे होते. भारत शासन, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांनी सोलापूर पंप हा पाया धरला. केन मॅक्लाउड, रूपर्ट टॅलबॉट यांच्यासारखे युनिसेफचे तंत्रज्ञ, मद्रासची यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन व विकास संघटना आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा मद्रास येथील कारखाना यांनी मिळून त्याचे नवे रूप सिद्ध केले. तामिळनाडूत कोइमतूर परिसरात १९७६-७७ मध्ये गावच्या प्रत्यक्ष वापरात त्याची कसोटी घेण्यात आली आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. 'इंडिया मार्क दोन' हे त्याचे नाव. १९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने आय.एस. ९३०१ या क्रमांकाने त्याचे मानक प्रसिद्ध केले.

आपल्या गावातील पंपाकडे या दृष्टीने एकदा पाहावे. त्याचा दांडा भरीव व जड आहे. खाली विहिरीत लोंबणाऱ्या सळ्यांचे व पाण्याचे वजन तोलून धरावे म्हणून तो तसा केलेला आहे. पेटीचे झाकण काढले म्हणजे दांड्याच्या आतील टोकास चाकाच्या तुकड्यासारखा एक वक्र भाग दिसतो. त्यावरून सायकलच्या साखळीसारखी, परंतु जाड साखळी खाली जाते. दांडा वर-खाली होताना त्याचे टोक वर्तुळात फिरते, पण साखळीमुळे सळई मात्र सरळ रेषेतच ओढली जाते. म्हणून ती नळास घासत नाही व वाकत नाही. दांडा ज्या आसावर फिरतो त्यावर बंदिस्त बेअरिंगे आहेत. त्यांना वरचेवर तेल द्यावे लागत नाही. जमिनीखाली नळाच्या टोकाशी पितळी अस्तराचे सिलिंडर असते. त्यात झडपा, दट्ट्या व त्यावरील वॉशर; जुन्या पंपांत हे वॉशर चामड्याचे असत, पुढे रबराचे आले. सुमारे ५० मीटर खोलीपर्यंतचे पाणी हा पंप उचलू शकतो आणि मिनिटास ४० वेळा दांडा हलविल्यास साधारणतः १२ लिटर पाणी देतो.

येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ग्रामीण पाणीपुरवठ्यात पूर्वी दरडोई दररोज ४० लिटर पाणी व २५० माणसांमागे एक हातपंप असे प्रमाण धरले जात असे. २५० माणसांना रोज १०,००० लिटर पाणी लागणार. मिनिटास १२ लिटर या वेगाने ते काढावयास सुमारे १४ तास लागतात. म्हणजे दांडा दिवसाकाठी ३३ हजारांहून अधिक वेळा वर-खाली होतो. अंगणातील कौटुंबिक पंप या कामास का टिकला नाही आणि सोलापूरच्या कारागिरांनी नेमके काय साधले, हे या एका आकड्यावरून समजावे.

या पंपाचे पेटंट कोणीही घेतले नाही, ही बाब तितकीच महत्त्वाची आहे. रेखाचित्रे व मानक सर्वांसाठी खुले राहिले. कोणत्याही कारखान्याने ते घ्यावे, माल त्रयस्थ तपासणीस उतरवावा आणि विकावा. त्यामुळे किंमत आटोक्यात राहिली आणि एका जिल्ह्यातील सुटा भाग दुसऱ्या जिल्ह्यातील पंपास बसू लागला. संयुक्त राष्ट्रांची जलपरिषद मार्च १९७७ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे भरली होती. तिच्या शिफारशीस अनुसरून १९८१ ते १९९० हे आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक पाळण्यात आले. त्या दशकात अनेक देशांना नेमके असेच स्वस्त व टिकाऊ साधन हवे होते. १९९० नंतरच्या काही वर्षांतच जगभर बसविलेल्या या पंपांची संख्या सुमारे पन्नास लाखांवर गेली. युगांडाने त्यावरून आपले 'यू दोन' व 'यू तीन' हे पंप घडविले. मालीतील पंपाचे नावच 'इंडिया-माली' असे आहे. पश्चिम आफ्रिकेत जेथे भूजल आम्लधर्मी होते तेथे मात्र जस्ताचा मुलामा दिलेले नळ लवकर गंजले, पाण्यास लोखंडाची चव आली व लोकांनी ते पाणी नाकारले. एका प्रदेशात उत्तम ठरलेले यंत्र दुसरीकडे जसेच्या तसे चालेलच असे नाही.

नारूचा निरोप

हातपंपाने आरोग्यात नेमका कोणता फरक पडला, याचे एक ठसठशीत उदाहरण नारूचे आहे. आज तिशीत असलेल्या शिक्षकांनी हा रोग पाहिलाही नसेल. त्यांच्या आजोबांना मात्र पायातून काडीभोवती गुंडाळत इंच-इंच बाहेर काढावा लागणारा तो पांढरा दोरा ठाऊक होता. नारूच्या अळ्या पाण्यातील अतिसूक्ष्म कवचधारी जीवांच्या पोटात असतात. असे पाणी न गाळता प्याले म्हणजे अळी शरीरात शिरते आणि सुमारे वर्षभराने हातभर किंवा त्याहूनही लांब झालेला कृमी बहुधा पायातून बाहेर पडू लागतो. आग होते म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवितो. त्याच क्षणी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो. पायऱ्यांच्या विहिरीत व बारवेत उतरून पाणी भरण्याची रीत या चक्रास पोषक होती.

विंधन विहिरीत कोणाचा पाय बुडत नाही. हातपंप बसला, पायऱ्यांच्या विहिरीचा वापर थांबला किंवा तिचे रूप बदलले, पाणी गाळण्यासाठी कापड वापरात आले व पाण्यात कीटकनाशक टाकले गेले की, हे चक्र तुटते. केंद्र शासनाने १९८३-८४ पासून नारू निर्मूलन कार्यक्रम राबविला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा त्यात सहभाग होता. नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. देशातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित झाले. यासाठी कोणतीही लस नव्हती व औषधही नव्हते. पाणी आणि लोकांच्या सवयी बदलल्या, तेवढ्याने एक प्राचीन रोग देशातून गेला.

पाण्यातील न दिसणारे

येथवर वाचून हातपंपाचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी असे समीकरण कोणी मांडील, तर ते धोक्याचे होईल. या बाबतीत आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांकडूनही एक मोठी चूक घडली आहे आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. बांगलादेशात हगवण व पटकी टाळण्यासाठी युनिसेफच्या साहाय्याने उथळ नलिका-विहिरी फार मोठ्या संख्येने घेण्यात आल्या. पाणी जंतुरहित होते. बालमृत्यू घटण्यास त्याचा हातभार लागला. परंतु त्या पाण्यात आर्सेनिक आहे किंवा कसे, याची तपासणी त्या काळी होत नव्हती. १९९३ नंतर त्याचे भयंकर प्रमाण उघडकीस येत गेले. एका विषापासून वाचविण्यासाठी दिलेल्या पाण्यात दुसरे विष निघाले.

यवतमाळ जिल्ह्यास हा धडा लागू नाही, असे समजण्याचे कारण नाही. दिग्रसच्या बाजूस बेसाल्ट आहे. पण जिल्ह्याच्या पूर्वेकडे, वणी, झरी-जामणी, केळापूर या दिशेस, खडकाची जात बदलते. चुनखडक व इतर प्राचीन खडक तेथे आढळतात, आणि या पूर्व भागातील भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर असल्याचे अनेक गावांत दिसून आले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट व दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगे मानतात. त्यापुढे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्यास सांधे आखडतात, पाठीचा कणा वाकतो. हाडांचे हे दुखणे मागे फिरत नाही.

आणि येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेली आहे. परंतु ती रोज नियमाने व मापाने करावी लागते. शक्य असेल तेथे फ्लोराइड नसलेला दुसरा स्रोत शोधणे हाच खरा उपाय होय. पूर्वेकडील गावच्या शिक्षकांनी वर्गातील मुलांचे दात एकदा लक्षपूर्वक पाहावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते. प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच पहिला इशारा तेथे मिळतो.

दिग्रससारख्या बेसाल्टच्या भागात काळजी असते ती निराळ्या गोष्टींची. पंपाच्या ओट्यास तडा जातो, सांडपाण्याचे डबके साचते, जवळच गुरांचा गोठा किंवा उकिरडा असतो, आणि भेगांच्या वाटेने मैला व नायट्रेट खाली झिरपतात. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. वाळूतून पाणी गाळले जाते तसे दगडाच्या भेगेतून गाळले जात नाही. म्हणूनच ओटा पक्का असणे, सांडपाणी नालीने दूर शोषखड्ड्यात जाणे आणि विंधन विहिरीच्या वरच्या भागातील लोखंडी नळ पक्क्या खडकापर्यंत पोहोचलेला असणे या गोष्टी बारीकसारीक नाहीत. ग्रामपंचायतींच्या स्वच्छता सर्वेक्षणात पाणी-स्रोताच्या स्थितीवरून लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. पुष्कळशी लाल कार्डे पाण्याच्या दोषापेक्षा ओट्याच्या दोषामुळे मिळत असतील, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दुरुस्ती कोणाची ?

मार्क दोनचा एक दोष त्याच्या बांधणीतच आहे. सिलिंडरातील पाच-दहा रुपयांचे वॉशर झिजले तरी ते बदलण्यासाठी तीन-तीन मीटरचे सारे नळ एकामागून एक वर ओढावे लागतात. हे काम गावातील एका माणसाचे नव्हे; त्याला तिकाटणे, पकडी व चार-पाच माणसांचे पथक लागते. तामिळनाडूत सत्तरीच्या दशकात यावर त्रिस्तरीय पद्धत बसविण्यात आली : प्रत्येक पंपामागे गावातील एक पंपरक्षक, साधारणतः शंभर पंपांमागे गटपातळीवर एक मिस्त्री, आणि पाचशे पंपांमागे जिल्ह्याचे फिरते पथक. पंपरक्षकाने नट-बोल्ट आवळावेत, साखळीस वंगण लावावे, बिघाड होताच पोस्टकार्ड टाकावे. पोस्टकार्डाची जागा आता भ्रमणध्वनीने घेतली आहे. पंपरक्षकाची जागा मात्र पुष्कळ गावांत रिकामीच आहे.

वॉशर बदलण्यासाठी सर्व नळ काढावे लागू नयेत म्हणून पुढे 'मार्क तीन' आला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक बँक यांच्या हातपंप प्रकल्पात ऐंशीच्या दशकात कोइमतूर येथेच त्याच्या चाचण्या झाल्या. त्याचा नळ रुंद असल्याने दट्ट्या सळईसह वर ओढून घेता येतो. रुंद नळ महाग व जड पडतो, त्यामुळे तो मार्क दोनची जागा सर्वस्वी घेऊ शकला नाही. राजस्थानातील डुंगरपूर, बांसवाडा व उदयपूर या जिल्ह्यांत स्वीडनच्या सीडा या संस्थेच्या व युनिसेफच्या मदतीने 'स्वच्छ' प्रकल्प चालला. तेथे आदिवासी स्त्रियांनी पान्हे हाती घेऊन पंप दुरुस्त करून दाखविले. पंप बंद पडल्याचा ताप ज्यांच्या डोक्यावर प्रत्यक्ष येतो, त्यांच्या हाती पान्हा दिलेला बरा, असे त्यावरून म्हणता येईल.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी वार्षिक वर्गणी भरावी व पंचायत समिती वा जिल्हा परिषदेच्या पथकाने दुरुस्ती करावी अशी पद्धत आहे. वर्गणी थकली की पथक येण्यास विलंब होतो, आणि पथक आले नाही म्हणून वर्गणी थकते. या चक्रास कोठेतरी छेद द्यावयाचा तर तो ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातच देता येईल. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ ते २००९ या काळात राज्यात 'जलस्वराज्य' प्रकल्प राबविला गेला. त्याने हाच विचार वेगळ्या रीतीने पुढे नेला : योजना गावाने मागावी, खर्चाचा काही वाटा गावाने उचलावा, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ती चालवावी. आर्थिक साहाय्य बाहेरचे होते, परंतु ठराव ग्रामसभेचा लागत असे.

स्रोतच आटला तर दुरुस्तीचाही उपयोग नाही. हातपंपाची पोच साधारणतः पन्नास मीटरची. शेजारच्या शेतातील विद्युत पंप त्याच्या कितीतरी खालून पाणी खेचतो. १९९३ च्या राज्य अधिनियमान्वये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवीन विहीर घेण्यास मनाई करण्यात आली. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम झाला. त्यातही पेयजल स्रोतांच्या संरक्षणावर भर आहे. कायद्याची अंमलबजावणी ही बरीचशी गावातील माणसांनी एकमेकांस सांगावयाची गोष्ट असते, आणि तेथे सरपंचांची अडचण कोणासही समजेल : ज्याला अडवावयाचे तो बहुधा नात्यातला असतो.

नळ आला तरी

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळाद्वारे दरडोई ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. वरचा हिशेब पुन्हा करून पाहिला तर २५० माणसांसाठी एक हातपंप दिवसाचे १९ तास चालवावा लागेल. म्हणजे हे उद्दिष्ट हातपंपाच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि नळयोजना आवश्यकच आहे. पंपाच्या दांड्यावर गेलेले आयाबहिणींचे तास परत मिळावेत, हे कोणास नको आहे ? या मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना क्षेत्रीय तपासणी संचाच्या साहाय्याने पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याचीही तरतूद आहे. बांगलादेशात जे राहून गेले, ते येथे गावपातळीवर करावयाचे आहे. संचात संशय आल्यास नमुना उपविभागीय किंवा जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो.

परंतु नळ आला म्हणून हातपंप मोडीत काढण्याची जी घाई काही ठिकाणी दिसते, ती अनाठायी आहे. वीज गेली, मोटार जळाली, देयक थकले की नळ कोरडा होतो व गाव पुन्हा त्याच दांड्यापाशी येते. तोवर साखळी गंजलेली आणि ओटा फुटलेला असतो.

भूजल यंत्रणेने यावर काढलेला एक तोडगा माळावरील तांड्यांस व लहान वस्त्यांस विशेष सोयीचा आहे. ज्या विंधन विहिरीस पुरेसे पाणी आहे, तिच्यात हातपंपाच्या नळाबरोबरच सौर ऊर्जेवर चालणारा एक लहान पाणबुडा पंप सोडतात. पंपाच्या बैठकीत त्यासाठी थोडा बदल करावा लागतो. पाणबुडा पंप दिवसा उन्हावर चालून ५,००० लिटरची टाकी भरतो. टाकीचे पाणी वस्तीतील नळांना जाते. पंपाचा दांडा जागच्या जागी राहतो. श्रावणात आभाळ चार-आठ दिवस झाकलेले असले किंवा मोटार दुरुस्तीस गेली, तर त्याच छिद्रातून, त्याच ओट्यावर, मिनिटास चाळीस हेलकाव्यांनी पाणी काढता येते.